छान! आता सुरात

संध्याकाळी साडेपाचला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चार नंबरच्या खांबापाशी चपलांचा ढीग दिसला की समजावं, बाई आल्या. ढीग बावीस जोडांचा. म्हणजे क्लास सुरू होताना बावीस जोडांचा. सुटताना एक चप्पल कमी भरते आणि कुणाचीच नसलेली एक जास्त उरते.

गाण्याच्या क्लासच्या बाई ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला असलेली सोय आहे, पिठाच्या गिरणीसारखी. कुठे त्या देवळाच्या सभामंडपात भेटतील, कुठे वाड्याच्या माडीवर, आमच्या डोंबिवलीत पार्किंगमध्ये. गिरणीसारखंच इथेही लोक आपापला डबा ठेवून जातात आणि तासाभराने न्यायला येतात. दळण कसं झालं, हे डब्याचं झाकण उघडून कुणी बघत नाही.

आमच्या बाई पन्नाशीच्या पुढच्या. सुती साडी, पदर खोचलेला, चष्मा दोरीने गळ्यात आणि वाचायची वेळ आली की तोच चष्मा सगळीकडे शोधणं. पेटीला जुन्या पडद्याची खोळ, त्यामुळे पेटीवर अजून निळी बदकं पोहत असतात. खालच्या सप्तकातली पंचमाची पट्टी दाबली की दाबलेलीच राहते. त्यासाठी बाईंच्या पिशवीत एक पोस्टकार्ड आहे. पट्टी अडकली की गाणं न थांबवता उजव्या हाताने सूर धरायचा, भात्यावरचा डावा हात क्षणभर काढून पोस्टकार्ड दोन पट्ट्यांच्या फटीत सरकवायचं, टिचकी द्यायची आणि भात्यातला वारा संपायच्या आत हात परत भात्यावर. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की पोस्टाने हे कार्ड बाईंसाठीच काढलं असावं असं वाटतं.

बाईंना मुलांची नावं लक्षात राहत नाहीत. दोष लक्षात राहतात, आणि त्यावरूनच हाक. "ए धैवत, सरळ बस." "घाई, आज हळू." घाई हे एका चौथीतल्या मुलाचं नाव आहे, तो सम यायच्या आधीच समेवर जाऊन बाकीच्यांची वाट बघत बसतो. आमच्या कन्येचा गंधार उतरतो, म्हणून ती गंधार आणि मी गंधारचे बाबा. बँकेत साहेब म्हणणारे लोक आहेत, पण पार्किंगमध्ये माझी ओळख मुलीच्या उतरत्या स्वरावरच आहे.

आणि मुलांनी काहीही गायलं, अगदी पंखा घासत असल्यासारखं गायलं, तरी बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"छान! आता सुरात."

यात उपरोध नाही. मी महिनाभर त्यांचा चेहरा निरखून खात्री करून घेतली. त्यांना खरंच छान वाटलेलं असतं. मूल आलं, बसलं, तोंड उघडलं, इथवरचं काम छान झालं. सूर हा पुढचा टप्पा.

कन्येला क्लासला घातलं ते गाण्यासाठी नव्हे. ती बोलत नसे. म्हणजे घरात बोलायची, अखंड बोलायची, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की आवाज चपलेबरोबर बाहेर न येता आतच राहायचा. वाण्याच्या दुकानात खोडरबर हवं असेल तर माझा शर्ट ओढून माझ्या कानात सांगायची आणि मी वाण्याला. शाळेत बाईंची एकच तक्रार: उत्तर येतं, हात वर करत नाही. आणि हे कुठून आलं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी पाचवीत असताना २६ जानेवारीच्या समूहगीताच्या तालमीत गुरुजी रांगेतून कान देत फिरले, माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "तू नुसतं तोंड हलव." मी हलवलं. गेली पस्तीस वर्षं हलवतोय. गणपतीच्या आरतीत मी टाळ्या जोरात वाजवतो त्याचं कारण हेच. लग्नाला चौदा वर्षं झाली, बायकोने माझा गाता आवाज ऐकलेला नाही. ती ते सुखी संसाराच्या कारणांत धरते.

पहिल्या दिवशी कन्या खांबामागे उभी. बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. सगळ्यांना म्हणाल्या, "आज चुकायचं. पण चुकायचं ते जोरात. हळू चुकलेलं मला ऐकू येत नाही, मग दुरुस्त कसं करणार?" आणि बावीस मुलं सा लावायला लागली. बावीस प्रकारचे सा. वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीची काच ओढून घेतल्याचा आवाज आला. या गदारोळात खांबामागून तेविसावा सा निघाला असेल तर तो कुणालाच कळला नाही. मलाही नाही. तिला मात्र कळला असणार, कारण दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून चटई घेऊन खाली गेली.

बाईंची विद्या ही इथे आहे. एकट्याने चुकलं की लाज वाटते. बावीस जणांत चुकलं की नुसतं चुकतं. एकेकट्या शिकवणीला पैसे जास्त मिळतात, हे त्यांनाही कळतं. पण त्या म्हणतात, लहान मुलाला एकटं समोर बसवलं की ते गात नाही, उत्तर देतं.

बसवण्यावरच त्यांचं खरं लक्ष. कणसूर मूल, म्हणजे सुराच्या अगदी जवळ जाऊन बाहेर उभं राहणारं, दोन पक्क्या मुलांच्या मधे. "मुरतं," बाई सांगतात. "कैरीला तुम्ही समजावून सांगता का? मिठात ठेवता." सहावीतली एक मुलगी आणि सातवीतला एक मुलगा ही त्यांची मिठाची बरणी. गेल्या दोन वर्षांत या दोघांच्या मधे किती जण मुरून पुढे सरकले, आणि त्या दोघांना याचा पत्ता नाही. त्यांना वाटतं, बाई आपल्याला नेहमी शेवटच्या चटईवर का बसवतात?

आवाज फुटायला लागलेल्या आठवीतल्या मुलाला त्यांनी घरी पाठवलं नाही. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा सोपवला आणि हातावर तीनताल धरायला लावला: सोळा मात्रा, नवव्या मात्रेला खाली. तो आता असा ताल देतो की जणू बाकीचे त्याच्या टाळीला साथ करतायत.

शत्रू एकच, सोसायटीचा पाण्याचा पंप. क्लास चालतो काळी चारमध्ये. पंप सहाला सुरू होतो आणि पांढरी पाच नि काळी चार यांच्या सांदीत कुठेतरी घुमत राहतो. मुलं बिचारी पंपाकडे झुकतात. पाच मिनिटांत सगळा वर्ग तानपुरा सोडून पंपाच्या सुरात गायला लागतो, आणि तेही एकदिलाने. बाईंनी सेक्रेटरींकडे तक्रार केली ती ऐकण्यासारखी होती. आवाज मोठा आहे, असं त्या म्हणाल्याच नाहीत. "पंप कणसूर आहे हो," म्हणाल्या. सेक्रेटरींनी प्लंबर बोलावला. प्लंबरने पंप उघडून पाहिला आणि यात असा पार्ट नसतो म्हणाला.

दुसरी अडचण तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा. जुने ऐकणारे. त्यांचं म्हणणं, गाणं ही घोळक्यात शिकायची गोष्ट नव्हे. गुरूसमोर एकट्याने बसायचं, वर्षानुवर्षं सा लावायचा. "अहो बाई, हा काय पाढ्यांचा वर्ग आहे?"

बाई पिशवीतून विष्णु दिगंबर पलुस्करांचा फोटो काढून दर क्लासला खांबाला सुतळीने टांगतात, तो याच प्रसंगासाठी असावा. त्यांनी चष्म्याच्या काडीने फोटो दाखवला. पलुस्करबुवा स्वतः मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे जुन्या पद्धतीनेच शिकले, पण शिकवायची वेळ आली तेव्हा १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग भरवले, स्वरलिपी केली, पुस्तकं छापली. "चारचौघांच्या पोरांना शिकवायचं होतं ना त्यांना. घोळका केल्याशिवाय कसं शिकवणार?"

आजोबा हरणारे नव्हते. ते पेटीवर घसरले. हे मुळात परदेशी वाद्य, याला मींड येत नाही, आकाशवाणीने १९४० मध्ये याला दाराबाहेर काढलं होतं ते काय उगाच?

"१९७१ ला आत घेतलं की," बाई म्हणाल्या. "उशिरा येणाऱ्यांना मीही आत घेते. बसा."

आजोबा बसले. हल्ली क्लासला पाच मिनिटं आधी येऊन खुर्ची टाकतात आणि कुणाचा निषाद लागला की "हं" म्हणतात. मुलं या "हं"साठी जीव टाकतात. बाईंचं "छान" सगळ्यांनाच मिळतं, त्यामुळे त्याचा भाव पडलाय.

निषादावरून आठवलं. वर्ज्य स्वर ही गोष्ट बाई हजेरीपटासारखी शिकवतात. भूपात मध्यम आणि निषाद गैरहजर. दुर्गात गंधार आणि निषाद गैरहजर. "बघा, निषाद फार दांड्या मारतो." अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला परगावचे परीक्षक आले होते. त्यांनी घाईला विचारलं, भूपात कोणते स्वर वर्ज्य? घाईने प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं: "मध्यम आला नाही. निषादाचं नेहमीचंच आहे." परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. त्यांना पाणी द्यावं लागलं. पास केलं त्याला.

पालकांविषयी लिहिलं नाही तर चित्र अपुरं राहील, पण त्यांच्यात मीही आहे, म्हणून थोडक्यात. एकांना मुलगा टीव्हीवरच्या स्पर्धेत हवा आहे. किती दिवसांत जाईल, असं ते विचारतात. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून एका आईला मुलीच्या परीक्षा भराभर उरकायच्या आहेत. मुलगी सध्या दुसरीत आहे. आणि एक इंजिनिअर गृहस्थ व्हेनेझुएलाची माहिती छापून घेऊन आले. तिथे १९७५ साली होजे अँतोनियो आब्रेउ नावाच्या माणसाने काराकास शहरात एका गॅरेजमध्ये अकरा वादकांना घेऊन सुरुवात केली, आणि पुढे गरीब वस्त्यांतली लाखो मुलं वाद्यवृंदात वाजवायला लागली. मुलांना एकत्र वाजवायला बसवलं की ती उभी राहतात, असा त्यांचा विश्वास. गृहस्थांनी हे पंधरा मिनिटं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"गॅरेजमध्ये?"

"हो, पार्किंगचंच म्हणा ना."

"आणि अकराच?" बाईंनी आपल्या बावीस जणांकडे पाहिलं. "पंप नसेल तिकडे."

आता बी विंगमधल्या एका मुलाची गोष्ट. हा बोलताना अडखळतो. बोलताना अडखळणारी पुष्कळ माणसं गाताना अडखळत नाहीत, हे डॉक्टरांनाही माहीत आहे. याच्या आईला ते क्लासमध्ये कळलं आणि ती स्कूटरवर बसून रडली. पण गाणं वेगळं आणि माईकवर बोलणं वेगळं. गेल्या वर्षी गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात बाईंनी निवेदनाला नेमका त्यालाच उभा केला. मला ते क्रूर वाटलं, आजही थोडं वाटतं. शाळेचा हॉल, समोर दीडशे माणसं. "सादर करीत आहोत राग दुर्गा," एवढंच म्हणायचं होतं. मुलगा स वर अडकला. स, स, स. लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. हॉलमधला पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटायला लागलं.

बाईंनी मान वर केली नाही. काळी चारचा षड्ज दाबला आणि धरून ठेवला.

मुलाने पेटीकडे पाहिलं. आपला सा ओळखला. आणि त्यावर चढला: "सा—दर करीत आहोत, राग दुर्गा, ताल तीनताल," सगळं एका सुरात, सरळ रेषेत, शेवटी श्वास घेऊन. एकही अक्षर अडलं नाही. पुढची सगळी निवेदनं त्याने अशीच गाऊन केली. "यानंतर दहा मिनिटांचं मध्यंतर, चहा बाहेर आहे," हेसुद्धा. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात ही आपली प्राचीन परंपरा असल्याचं सांगितलं.

बाई म्हणजे देवी, असा समज करून देणं मात्र बरोबर नाही. त्यांच्यातही बरंच खटकतं. त्यांचा कार्यक्रम कधी वेळेवर सुरू झालेला नाही आणि सुरू झालेला संपलेला मी पाहिलेला नाही. लोकलची वेळ सांगून उठावं लागतं. प्रत्येक मूल स्टेजवर गेलंच पाहिजे, या हट्टापायी भूपातली एकच बंदिश आम्ही एका बैठकीत नऊदा ऐकलेली आहे. फी कुणी दिली आणि कुणी नाही, हे त्या कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला लिहितात आणि महिना बदलला की पान उलटतात. सिनेमातलं गाणं शिकवा म्हटलं की त्यांना ऐकू येईनासं होतं. आणि इतक्या वर्षांत त्यांचा एकही विद्यार्थी गवई झालेला नाही. एक दातांची डॉक्टर आहे. ती ड्रिल चालवताना गुणगुणते, पेशंटला धीर येतो म्हणतात. एक जण सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळात टाळ धरतो. मागे मी बाईंना हे जरा आडून विचारलं. "गवई झाला नाही म्हणजे वाया गेला का?" एवढंच म्हणून त्यांनी भाता बंद केला.

त्या स्वतः कशा गातात, हे मात्र कुणालाच नीट माहीत नव्हतं. शिकवताना दोन-तीन सुरांपुरता आवाज लागायचा, तेवढाच. जुलैमधली एक संध्याकाळ. मुसळधार पाऊस, मुलं गेलेली, लाइट गेलेले, त्यामुळे पंपही गप्प. बाई रिक्षाची वाट बघत एकट्याच चटईवर. मी गाडीतली छत्री काढायला खाली उतरलो आणि जिन्यातच थांबलो. त्या यमन गात होत्या. पेटी नाही, तानपुरा नाही. गंधारावर असा आवाज ठेवलेला की पार्किंगमधल्या गाड्या जरा सरकून बसल्यासारख्या वाटल्या. मग वरच्या षड्जाकडे निघाल्या, पोहोचता पोहोचता आवाज चिरकला. गप्प झाल्या. दोन क्षण नुसता पाऊस.

"छान," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "आता सुरात."

मी छत्री न घेताच वर आलो.

यंदाच्या गुरुपौर्णिमेला बाईंनी नवीन टूम काढली. शेवटचं समूहगान मुलांनी आणि पालकांनी मिळून. मुलं पुढे, पालक मागे, ज्याचं मूल त्याच्या मागे तो. मी टायफॉइडपासून ऑडिटपर्यंत सगळी कारणं मनात लावून पाहिली. बाई म्हणाल्या, "गंधारचे बाबा, तुम्ही माईकजवळ."

उभा राहिलो. पेटी सुरू झाली, आठवीतल्या मुलाने टाळी दिली. पुढे माझ्या मुलीची वेणी हलत होती. ती गात होती, मोकळ्या गळ्याने, मान वर करून. गंधार अजून किंचित उतरत होता, पण जोरात उतरत होता. आणि त्या भरात, पस्तीस वर्षांनी, माझ्या तोंडातून आवाज निघाला. मलाच दचकायला झालं. दुसरी ओळ तर मी चांगलीच जोरात गायलो.

वाण्याकडे खोडरबर मागायला लाजणाऱ्या माझ्या मुलीने चालू गाण्यात मागे वळून पाहिलं आणि अत्यंत स्पष्ट, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाबा, तू नुसतं तोंड हलव."

माईक चालू होता. दीडशे माणसं हसली, बायको सर्वांत जास्त. बाईंनी पेटीवरून मान न उचलता त्यांचं ते नेहमीचं वाक्य म्हटलं. ते मला होतं की तिला, याचा निकाल घरात अजून लागलेला नाही.

ऑगस्टपासून मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाचला मी क्लासला जातो. शेवटची चटई. डावीकडे सहावीतली मुलगी, उजवीकडे सातवीतला मुलगा.